पहिली पन्नास पानं किती उधारी मागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द मार्शियन' दोन रात्रींत संपली. 'ड्यून' दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा शंभरेक पानांत सोडली. 'फाउंडेशन' नेटाने पूर्ण केली, पण एकही पात्र लक्षात राहिलं नाही. फँटसीत 'हॅरी पॉटर'च्या पलीकडे काही वाचलेलं नाही. आता पुढे काय वाचावं, आणि वाचनगटात दुसऱ्याला पुस्तक सुचवायची पाळी आली की काय सुचवावं?

'सर्वकाळच्या श्रेष्ठ शंभर' छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवा. 'ड्यून' आणि 'फाउंडेशन' बहुधा तिथूनच हातात आली असणार. यादी पुस्तकाची थोरवी सांगते, पण आत शिरायला काय लागतं ते सांगत नाही. विज्ञान कादंबरी किंवा फँटसी वाचकाकडून सुरुवातीलाच थोडी उधारी मागते: 'आत्ता कळलं नाही तरी चालवून घे, पुढे फेडतो.' काही पुस्तकं शब्दांची उधारी मागतात, काही पात्रांची, तर काही उलगड्याची. कोणता वाचक कोणती उधारी आनंदाने देतो आणि कोणती दिली की वैतागतो, एवढं कळलं की सुचवण्याचं निम्मं काम झालं. प्रश्नातल्या तीन पुस्तकांत ते सगळं आलेलंच आहे.

'द मार्शियन' जवळजवळ काहीच उधार मागत नाही. पहिल्याच पानावर कळतं की एक माणूस मंगळावर एकटा मागे राहिलाय आणि बाकीचे त्याला मेलेला समजून निघून गेलेत. मग हिशेब सुरू होतो. अन्न किती दिवसांचं आहे, बटाटे लावले तर त्यातून किती कॅलरी मिळतील, त्यांना लागणारं पाणी हायड्राझिनपासून कसं बनवायचं आणि ते बनवताना जीव कसा जाऊ शकतो. अडचण, आकडेमोड, तोडगा, तोडगा फसणं, पुन्हा आकडेमोड. नवा शब्द आला की दोन ओळींत त्याचा अर्थ. हे ज्याला दोन रात्रींत संपवावंसं वाटतं त्याला 'अंतराळ' आवडतं असं समजून कोणतीही अंतराळातली कादंबरी त्याच्या हातात देणं ही सुचवणाऱ्यांची नेहमीची चूक. त्याला आवडलेली असते ती हिशेबाची गंमत. मंगळ निमित्तमात्र.

त्या वाटेवरचं सगळ्यात सोपं पुढचं पुस्तक म्हणजे त्याच लेखकाचं 'प्रोजेक्ट हेल मेरी', 2021 चं. नायक एका यानात जागा होतो आणि स्वतःचं नावही त्याला आठवत नाही. आठवणी जसजशा परत येतात तसतशी मागची गोष्ट उलगडते. उलगड्याची उधारी इथे आहे, पण हप्ते इतक्या लवकर फिटतात की जाणवत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा चित्रपटाची झलक आधी पाहू नका, मधली एक गोष्ट अजिबात माहीत नसलेली बरी. आणि हे पुस्तक 'द मार्शियन'च्या पाठोपाठ लगेच नको. दोन्हींतला निवेदक एकाच ढंगात विनोद करतो, आणि दुसऱ्या पुस्तकात तो विनोद शंभर पानांत शिळा वाटायला लागतो. मध्ये एखादं वेगळं पुस्तक जाऊ द्या.

ते वेगळं पुस्तक म्हणून 'राँदेव्हू विथ रामा' चांगलं. आर्थर सी. क्लार्कचं, 1973 चं, अडीचशे पानांच्या आसपास, प्रकरणं छोटी छोटी. सूर्यमालेत पन्नास किलोमीटर लांबीचा, आतून पोकळ आणि स्वतःभोवती फिरणारा दंडगोल शिरतो आणि माणसं आत उतरून तो धुंडाळतात, एवढीच गोष्ट. पण तो फिरतो म्हणून आत वजन जाणवतं, 'वर' पाहिलं तर डोक्यावर समोरच्या बाजूची जमीन दिसते, आणि सूर्य जवळ येईल तसा आतला गोठलेला समुद्र वितळून वादळ उठणार हे आधी गणिताने सांगितलं जातं आणि मग ते घडतं. इथे दोन इशारे हवेत. पात्रं पुठ्ठ्याची आहेत, त्यांच्यात जीव शोधू नका. आणि दंडगोल कोणी बनवला, कशासाठी, हे शेवटीही कळत नाही. हे आधी सांगितलं तर वाचक खूश होऊन पुस्तक ठेवतो, नाही सांगितलं तर फसवणूक झाल्यासारखा चिडतो. पुढचे भाग 1989 पासून जेन्ट्री ली यांच्यासोबत लिहिले गेले आणि त्यांचा पोत अगदी निराळा आहे. पहिल्यावरच थांबलेलं उत्तम.

आता 'ड्यून'. शंभर पानांत सोडणारे तुम्ही एकटे नाही, गाडी बहुतेकांची तिथेच अडते, आणि त्याची कारणंही ठरलेली आहेत. पहिलं कारण शब्द. पहिल्या काही पानांतच 'गोम जब्बार', 'क्विसात्झ हादेराक', 'बेने गेसेरिट', 'मेंटाट' असा मारा होतो आणि वाचक दर वेळी मागची शब्दसूची उघडत बसतो. तिथेच लय तुटते. शब्दसूची पहिल्या वाचनात उघडूच नका. त्यातले महत्त्वाचे शब्द पन्नासेक पानांत दहा वेळा येतात आणि आपोआप बसतात, बाकीचे नाही बसले तरी काही अडत नाही. शिवाय मराठी वाचकाला इथे थोडी सूट आहे: 'महदी', 'जिहाद' हे शब्द त्याला परके नाहीत, आणि 'प्राण-बिंदू' साधना भेटली की हसूच येतं.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे. आपण रहस्य उलगडण्याच्या तयारीने वाचत असतो, आणि 'ड्यून'चा लेखक फ्रँक हर्बर्ट दुसऱ्याच प्रकरणात शत्रूच्या तोंडून सांगून टाकतो की कोण दगा देणार. प्रकरणांच्या डोक्यावर भविष्यातल्या इतिहासग्रंथांचे उतारे आहेत, तेही पुढचं फोडतात. वाचकाला वाटतं, आता वाचायचं काय राहिलं? राहिलं ते हे, की सगळ्यांना सापळा दिसत असतानाही ते त्यात कसे शिरतात. महाभारत वाचताना द्यूतात काय होणार हे माहीत असतंच ना, तसं. एकाच प्रसंगात लेखक चार जणांच्या मनात उड्या मारतो तेही याच हेतूने: कोणाला काय माहीत आहे आणि कोण काय लपवतंय याचाच खेळ आहे. हे डोक्यात ठेवून वाचलं की पहिली दीडशे पानं संथ वाटत नाहीत. 2021 चा चित्रपट आधी पाहिला तर चेहरे आणि घराणी डोक्यात पक्की होतात. त्यात कमीपणा नाही, उलट पुस्तकातलं राजकारण सोपं जातं. कुटुंब वाळवंटात पळतं तिथपर्यंत पोचूनही मन रमलं नाही, तर मात्र निःसंकोच सोडा. पुढे पुस्तक बदलत नाही, आणखी दाट होतं.

पहिली कादंबरी आवडली की दुसरी 'ड्यून मसीहा' घ्यावी का? घ्या. ती 1969 ची, बरीच लहान, आणि पहिल्या पुस्तकाच्या नायकाकडे पाहण्याची नजरच उलटवते. तिथे थांबलं तर एक वर्तुळ पूर्ण होतं. हर्बर्टने पुढे आणखी चार लिहिल्या, शेवटची 1985 मध्ये. 1981 ची चौथी, 'गॉड एम्परर ऑफ ड्यून', म्हणजे बरीचशी संवादात चालणारी तत्त्वचर्चा आहे. ती डोक्यावर घेणारे वाचक आहेत, पण ती कुणाला पटकन सुचवण्यासारखी नाही.

'फाउंडेशन'मधली पात्रं लक्षात राहिली नाहीत यात वाचकाचा दोष नाही. 1951 चं ते पुस्तक मुळात कादंबरी म्हणून लिहिलेलंच नाही. 1942 पासून एका मासिकात आलेल्या गोष्टी एकत्र करून आणि सुरुवातीला एक नवा भाग जोडून ते बनलं. पाच भाग, दोन भागांमध्ये दशकं उलटतात, आणि आत्ता कुठे ओळख झालेला माणूस पुढच्या भागात पुतळा होऊन किंवा म्हणींत उरलेला असतो. पात्रांची उधारी फिटतच नाही, कारण तिथे नायक माणूस नाही, शतकांचं भविष्य गणिताने आखणारी योजना आहे. तरीही पूर्ण केलीत, म्हणजे कल्पना भावली होती. मग दुसरं पुस्तक, 'फाउंडेशन अँड एम्पायर', याचा उत्तरार्ध वाचल्याशिवाय मालिकेवर फुली मारू नका. तिथे 'म्यूल' नावाचा एक जण येतो, ज्याचा हिशेब त्या थोर योजनेत नव्हताच, आणि पहिल्यांदाच एक सलग, लांब, माणसांची गोष्ट घडते.

हजारो वर्षांचा पट आवडतो पण माणसं हरवतात, अशी तक्रार असेल तर त्यावर एड्रियन चायकोव्हस्कीच्या 'चिल्ड्रन ऑफ टाइम'मध्ये (2015) फार हुशार तोडगा आहे. एका ग्रहावर कोळ्यांची संस्कृती पिढ्यानपिढ्या घडत जाते. पिढी बदलते, पण लेखक प्रत्येक पिढीतल्या मुख्य कोळ्यांना तीच नावं देतो: पोर्शिया, बियांका, फेबियन. पोर्शिया कधी शिकारी, कधी योद्धा, कधी विद्वान. नाव तेच राहिल्याने वाचकाचा धागा तुटत नाही, आणि शतकं उलटल्याचा परिणामही मिळतो. दुसऱ्या बाजूला माणसांचं एक म्हातारं होत चाललेलं यान आहे. आडव्या-उभ्या धाग्यांसारखी प्रकरणं आलटून पालटून येतात. मधल्या तिसऱ्या हिश्श्यात माणसांची बाजू थोडी रेंगाळते, ते सोसा. कोळ्यांची खरोखर भीती असणाऱ्याला मात्र हे देऊ नका. 'वाचताना भीती जाते' असं म्हणणारे असतात, पण सगळ्यांची जात नाही.

'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'चं नाव कोणीतरी घेईलच. कल्पनांसाठी ते बिनतोड आहे. 2015 मध्ये ह्यूगो हा विज्ञान कादंबरी-फँटसीचा मोठा पुरस्कार मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. सुरुवात मात्र 1967 च्या सांस्कृतिक क्रांतीतल्या एका क्रूर जाहीर सभेने होते. मूळ चिनी पुस्तकात हा भाग मागाहून येतो, इंग्रजी अनुवादात तो पुढे आणलेला आहे. 'विज्ञान कुठाय?' म्हणत लोक इथे गळतात. त्या सभेतल्या मुलीचं नाव ये वेन्चिए, त्यात 'ये' हे आडनाव, एवढं लक्षात ठेवून चिकाटीने पुढे गेलात तर त्या पहिल्या दृश्याचा हिशेब शेवटपर्यंत पुरतो. पात्रं इथेही पुठ्ठ्याचीच.

याच्या उलट, माणसांसाठी विज्ञान कादंबरी वाचायची असेल तर अर्सुला ल ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969). ती शब्दांची उधारी मागते, तीही पहिल्याच मिरवणुकीच्या प्रकरणापासून. प्रकरणांच्या मध्ये लोककथा आणि जुने अहवाल येतात, ते 'मूळ गोष्टीत नाही' म्हणून गाळू नका. शेवटच्या हिश्श्यात दोन माणसं सुमारे 80 दिवस बर्फावरून गाडी ओढत जातात, तेव्हा त्याच लोककथांतले संदर्भ एकेक करून परत येतात. ज्याने त्या गाळल्या त्याला तो प्रवास नुसता थंड वाटतो.

फँटसीकडे येऊ. 'हॅरी पॉटर'मधलं नेमकं काय आवडलं होतं, हा प्रश्न आधी विचारा, कारण त्यातून चार वेगळ्या वाटा फुटतात.

जादू शिकण्याची शाळा आवडली असेल तर 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', पुन्हा ल ग्विनच, 1968 चं. दोनशे पानांच्या आसपास. शाळा आहे, पण शाळेत सगळं पुस्तक जात नाही. गर्वापायी एक चूक होते आणि उरलेलं पुस्तक ती निस्तरण्यात जातं. भाषा लोककथेसारखी, संवाद कमी. गप्पागोष्टींची सवय असलेल्याला ती कोरडी वाटते, म्हणून पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून पाहा, लय सापडते.

विनोद आवडला असेल तर टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड मालिका. 41 कादंबऱ्या आहेत आणि इथे एक ठाम नियम: पहिल्यापासून सुरू करू नका. 1983 चं 'द कलर ऑफ मॅजिक' हे दुसऱ्यांच्या फँटसींची टिंगल करतं, आणि त्या फँटसी वाचलेल्या नसतील तर निम्मे विनोद हवेत जातात. 'मॉर्ट' (1987) किंवा 'गार्ड्स! गार्ड्स!' (1989) घ्या. पहिल्यात मृत्यू स्वतः एक शिकाऊ उमेदवार ठेवतो, दुसऱ्यात ढिसाळ रात्रपहाऱ्याच्या गळ्यात ड्रॅगन पडतो. शब्दखेळ भरपूर आहेत, त्यामुळे इंग्रजी सफाईने येत असेल तरच मजा.

रहस्य आणि 'अरे, म्हणजे ते असं होतं तर!' हा क्षण आवडला असेल, आणि त्यातही 'द मार्शियन' आवडलेली असेल, तर ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न: द फायनल एम्पायर' (2006) जवळजवळ हमखास लागू पडतं. तिथली जादू म्हणजे गिळलेला धातू पोटात 'जाळणं', आणि प्रत्येक धातूचं काम ठरलेलं. पोलाद जाळलं की आसपासचा धातू ढकलता येतो. नाणं ढकललं आणि ते हलकं असेल तर नाणं उडतं. तेच नाणं जमिनीवर टेकलेलं असेल तर ढकलणारा स्वतःच वर फेकला जातो. म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम जादूच्या वेशात. प्रत्येक मारामारी कोडं सोडवल्यासारखी वाचता येते. भाषा साधी, कधी कधी फारच साधी. हे पुस्तक लागू पडलं की लोक उत्साहाने त्याच लेखकाच्या हजार पानांच्या 'द वे ऑफ किंग्ज'वर उडी मारतात. आधी 'मिस्टबॉर्न'ची पहिली त्रयी पूर्ण करा, म्हणजे त्या लांबीसाठी विश्वास तयार होतो.

आणि एका पोराच्या आयुष्यासोबत मोठं होत जाणं आवडलं असेल, तर रॉबिन हॉबची 'असॅसिन्स अप्रेंटिस' (1995). संथ, प्रथमपुरुषी, आणि दुःख देण्यात हात आखडता न घेणारी.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते सुचवलं जातं सगळ्यात जास्त आणि सोडलंही जातं तितकंच. पहिली अडचण प्रस्तावना. हॉबिटांचं लोकजीवन, त्यांची तंबाखू, त्यांची प्रशासनव्यवस्था. पहिल्या वाचनात हे सरळ सोडा, फक्त अंगठी कशी सापडली ते सांगणारा चौथा तुकडा वाचा, आणि 'द हॉबिट' वाचलेलं असेल तर तोही नको. दुसरी अडचण 'द काउन्सिल ऑफ एल्रॉन्ड' हे प्रकरण: एकाच जागी बसून बरीच मंडळी मागची हकिगत सांगतात. ते तुकड्यातुकड्यांत वाचलं की कोण बोलतंय तेच विसरतं, म्हणून एकाच बैठकीत संपवा. तिसरी अडचण दुसऱ्या खंडाचा उत्तरार्ध. तिथे बाकी सगळ्यांना मागे ठेवून गोष्ट फक्त फ्रोडो आणि सॅमच्या मागे जाते. चित्रपटासारखी आलटून पालटून दृश्यं येतील ही अपेक्षा आधीच मोडून ठेवली तर तो भाग जातो. गाणी वाटली तर वाचा. टोल्किनचंच 'द सिल्मारिलियन', म्हणजे त्या जगाचा पुराणेतिहास, मात्र कुणाला 'आधी हे वाच' म्हणून देऊ नका. चांगला वाचक कायमचा गमावण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

क्रमाचा घोळ. सर्वसाधारण नियम: पुस्तकं ज्या क्रमाने प्रकाशित झाली त्या क्रमाने वाचा, गोष्टीतल्या काळाच्या क्रमाने नाही. नार्नियाच्या सध्याच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो. ते लिहिलं गेलं सगळ्यात आधी घडलेल्या घटनांबद्दल, पण प्रकाशित झालं सहावं, 1955 मध्ये. ते पहिलं वाचलं तर 1950 च्या खऱ्या पहिल्या पुस्तकातला कपाटामागचा बर्फ आणि रस्त्यावरचा दिवा यांतलं गूढच संपतं. 'फाउंडेशन'च्या पूर्वकथा 1988 आणि 1993 च्या. त्याही मूळ पुस्तकांनंतरच. नियमाला अपवाद दोन-तीनच. डिस्कवर्ल्ड आलंच. इयन बँक्सची 'कल्चर' मालिका 'कन्सिडर फ्लीबस'पेक्षा दुसऱ्या 'द प्लेयर ऑफ गेम्स'ने (1988) सुरू केलेली बरी. आणि 'द विचर'मध्ये कादंबऱ्यांच्या आधी 'द लास्ट विश' आणि 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' हे दोन कथासंग्रह हवेतच. दुसरा संग्रह इंग्रजीत फार उशिरा, 2015 मध्ये आला, त्यामुळे जुन्या याद्यांत तो गळलेला असतो, आणि मग मुलीचं आणि नायकाचं नातं कुठून आलं तेच कळत नाही.

अपूर्ण मालिका सुचवताना ती अपूर्ण आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पाचवा खंड 2011 चा, नियोजित सातांपैकी. 'द नेम ऑफ द विंड'च्या त्रयीतला दुसराही 2011 चाच, तिसरा नाही. दोन्ही सुंदर आहेत, पण वाट पाहायची की नाही हे वाचकाला ठरवू द्या. 'हायपेरियन' (1989) तर पूर्ण असूनही अर्ध्यावर तुटतं. सात यात्रेकरू, एकेकाची गोष्ट, प्रत्येक गोष्ट वेगळ्या धाटणीची, आणि ज्यासाठी निघाले तिथे पोचताच पुस्तक संपतं. उत्तर 'द फॉल ऑफ हायपेरियन'मध्ये. दोन्ही एकदमच आणून ठेवा.

अनुवादित पुस्तकाची आवृत्ती पाहूनच नाव सांगा. ज्यूल्स व्हर्नचं 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' कित्येकांना बाळबोध वाटतं, त्याचं कारण मर्सियर लुईसचा एकोणिसाव्या शतकातला अनुवाद. त्यात मूळ मजकुराचा जवळपास चौथा हिस्सा कापला गेला होता आणि आकडेही चुकले होते. हक्कमुक्त असल्याने तोच फुकट आणि स्वस्त प्रतींतून फिरत राहतो. 'सोलारिस' या पोलिश कादंबरीची अनेक वर्षं चाललेली इंग्रजी प्रत पोलिशवरून नव्हे, फ्रेंच अनुवादावरून केलेली होती. थेट पोलिशवरून झालेला बिल जॉन्स्टन यांचा अनुवाद 2011 चा. 'रोडसाइड पिकनिक'चा 2012 चा नवा अनुवाद घ्या.

मूळ इंग्रजी पुस्तकांतही भाषेचा मुद्दा राहतोच. इंग्रजी दुसरी भाषा असेल तर 'न्यूरोमॅन्सर' (1984) पहिल्या दहांत नको. तिथली बोली खुद्द इंग्रजांनाही अर्धी अंदाजाने घ्यावी लागते. 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' एकोणिसाव्या शतकाच्या इंग्रजीत, पानभर तळटिपांसह चालतं, म्हणून ते ऐकण्यापेक्षा छापील बरं. आणि मराठीतूनच सुरुवात करणाऱ्याला जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आणि मग 'वामन परत न आला' ही कादंबरी, हा क्रम सोपा पडतो.

आता वाचनगट. दर महिन्याला एक पुस्तक असेल तर लांबी हा पहिला निकष, गुणवत्ता दुसरा. 'ड्यून' पावणेदोन लाखांहून अधिक शब्दांची आहे. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या आठ जणांपैकी निम्मे ती महिन्यात संपवत नाहीत, आणि मग चर्चा पहिल्या निम्म्याचीच होते. इथे पुरस्कारांचे विभाग उपयोगी पडतात. ह्यूगो आणि नेब्युला दोन्हींत 17,500 ते 40,000 शब्दांच्या लेखनाचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे साधारण 70 ते 160 पानं. त्यातली विजेती नावं गटासाठी घबाड आहे. मार्था वेल्सचं 'ऑल सिस्टम्स रेड' (2017) तिथलंच. स्वतःचं नियंत्रण तोडलेला सुरक्षा-यंत्रमानव, ज्याला लोकांशी बोलण्यापेक्षा मालिका बघत बसायचं असतं. एका सुट्टीच्या दुपारी संपतं. एरवी पुरस्कारांचा कल लक्षात घ्या: ह्यूगो जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य असलेले वाचक देतात, नेब्युला लेखकांची संघटना देते, क्लार्क पुरस्कार परीक्षक ठरवतात. त्यामुळे ह्यूगो गोष्टीकडे झुकतो, क्लार्क प्रयोगाकडे. विजेत्यापेक्षा त्या वर्षीची अंतिम यादी चाळली तर गटाच्या जोगं पुस्तक जास्त सापडतं.

सुचवताना कथानक सांगू नका, उधारी सांगा. 'पिरानेसी'चं (2020) उदाहरण घ्या. 'एक माणूस एका चमत्कारिक घरात असतो आणि मग त्याला कळतं की...' इथपर्यंत गेलात की पुस्तक मारलंत. त्याऐवजी असं: 'न संपणाऱ्या दालनांचं घर. खालच्या दालनांत समुद्र, वरच्यांत ढग, सगळीकडे पुतळे. तिथे राहणारा माणूस रोजनिशी लिहितो, आणि त्याच्या वर्षांना आकडे नसून घटनांची नावं आहेत. अडीचशे पानं. पहिल्या साठांत काहीच कळणार नाही, ते मुद्दाम आहे. मलपृष्ठ वाचू नकोस.' पाच-सहा वाक्यांत जागा, आवाज, लांबी, किती धीर धरायचा आणि काय टाळायचं हे सगळं आलं. पुस्तक अवघड असेल तर अवघड कुठे आहे तेही असंच नेमकं सांगा. 'द फिफ्थ सीझन'मध्ये (2015) तीन धागे आहेत आणि एक धागा थेट 'तू' म्हणून वाचकाशी बोलतो. हा 'तू' का, हे कळायला बराच वेळ लागतो, आणि कळलं की आधीची पानं पुन्हा उघडावी लागतात. सुरुवातीलाच एका लहान मुलाचा बापाच्या हातून झालेला मृत्यू आहे, हे मात्र आधी सांगाच. गटात लहान मुलांचे आईबाप असतात. तसंच 'किंड्रेड'मधली गुलामगिरीतली हिंसा आणि 'साँग ऑफ आइस अँड फायर'मधले लैंगिक अत्याचार. त्याने गोष्ट फुटत नाही.

गटातल्या प्रत्येकाला एवढं विचारून ठेवा: शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं, शेवटचं सोडलेलं कोणतं, आणि ते कितव्या पानावर सोडलं. तिसरा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण कामाचा तोच. विसाव्या पानावर सोडणाऱ्याला भाषा पटलेली नसते. शंभराव्या पानावर सोडणाऱ्याला शब्दांचा किंवा पात्रांचा भार झालेला असतो. तीनशेव्या पानावर सोडणाऱ्याचा बहुधा लेखकावरचा विश्वास उडालेला असतो, आणि त्याला पुढचं पुस्तक छोटं आणि एका खंडात संपणारंच द्यायला हवं. पहिल्या प्रकारच्या वाचकाला ई-बुकचा फुकट नमुना उघडून द्या. दुसऱ्याला 'रामा' किंवा 'मॉर्ट'. तुमच्यासाठी क्रम असा: आधी 'रामा', मग 'मिस्टबॉर्न', मग 'प्रोजेक्ट हेल मेरी', त्यानंतर 'चिल्ड्रन ऑफ टाइम', आणि मग शब्दसूचीचं पान रबरबँडने बांधून 'ड्यून' तिसऱ्यांदा.